धातुविकार

मला धातूंचा विकार आहे. हे वाक्य चारचौघांत उच्चारलं की ऐकणारा आधी मागेपुढे बघतो, मग आवाज खाली आणतो आणि रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवर ज्यांचे पत्ते रंगवलेले असतात अशा एखाद्या वैद्याचं नाव सुचवतो. "यात लाजायचं नाही हो," असा धीरही वर देतो. पण माझा विकार त्या धातूंचा नाही. लोखंड-तांब्याचाही नाही. भू, गम्, कृ, हृ, स्था हे संस्कृतातले धातू मला बाधले आहेत. समोर शब्द आला की तो कुठल्या धातूपासून निघाला हे सांगितल्यावाचून मला अन्न गोड लागत नाही, आणि सांगितल्यावर ऐकणाऱ्याला लागत नाही.

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मी विचारलं, "धातूंवरचं पुस्तक आहे का?"

काउंटरवरचा पोरगा आत ओरडला, "केमिस्ट्री अकरावी!"

"ते नव्हे."

त्याने माझ्या पिकल्या केसांकडे एकदा पाहिलं आणि आत ओरडला, "मग आरोग्य!"

"संस्कृत हो, संस्कृत."

"मग तसं सांगा ना. दहावी का? गाइड देऊ का अपेक्षित?"

अपेक्षित! माझ्यासारख्या माणसासमोर असा शब्द टाकायचा नसतो. मी त्याला सांगितलं की अपेक्षितमध्ये ईक्ष् धातू आहे. ईक्ष् म्हणजे पाहणे. परीक्षा, परीक्षक, निरीक्षक, अधीक्षक सगळे त्याच ईक्ष्‌चे. निकालाची प्रतीक्षा त्याचीच, आणि निकालानंतर होते ती उपेक्षाही त्याचीच. अख्खं शिक्षण खातं नुसतं पाहण्यावर चाललंय, हे मी त्याला पटवून देत होतो, एवढ्यात मागच्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाजूला उभे राहून पाहता का? आम्हाला घ्यायचंय."

या विकाराचं निमित्त माझी पुतणी. आपल्याकडे मुलं आठवीत संस्कृत घेतात ती कालिदासासाठी नव्हे, स्कोअरिंग म्हणून. "काका, मला जरा धातू समजाव ना," असं ती म्हणाली. आमच्या घराण्यात मला कोणी काही समजवायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे मी हुरळलो. आमच्या मजल्यावरच एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहतात, सगळी सोसायटी त्यांना गुरुजी म्हणते. त्यांच्याकडून पाणिनीय धातुपाठ आणला. पुतणीला चार दिवसांत हवे तेवढे धातू आले आणि ती टीव्हीकडे वळली. मी मात्र अजून तिथेच आहे.

धातुपाठात सुमारे दोन हजार धातू आहेत, दहा गणांत वाटलेले. अगदी पहिला धातू भू, म्हणजे असणे, होणे. शेवटच्या गणाचा पहिला धातू चुर्, म्हणजे चोरणे. पुतणी म्हणाली, "म्हणजे आधी नुसतं असायचं आणि शेवटी चोरायचं. राजकारणच की." प्रत्येक धातूपुढे त्याचा अर्थ एखाद-दुसऱ्या शब्दात दिलेला असतो, आणि त्यात 'गतौ', म्हणजे 'जाणे', हा अर्थ इतक्या वेळा येतो की आपले पूर्वज घरात टेकत होते की नाही अशी शंका यावी. त्याखालोखाल नजरेत भरते ती 'हिंसायाम्'. जायचं आणि मारायचं. लिहायला वेळ कधी मिळाला, देव जाणे.

व्हिटने नावाच्या अमेरिकन पंडिताने हे सगळं शोधायला घेतलं आणि १८८५ साली धातूंचं स्वतःचं पुस्तक काढलं. त्याचा आक्षेप असा की धातुपाठातले निम्म्याहून अधिक धातू वाङ्मयात कुठे वापरलेलेच दिसत नाहीत. म्हणजे रोजगार हमीच्या मस्टरसारखाच प्रकार: नावं भरपूर, कामावर निम्मीच. मी हे गुरुजींना सांगितलं तेव्हा ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "त्याला सापडले नाहीत म्हणून नाहीतच काय? मला माझा चष्मा सापडत नाही, तो काय नसतो?" चष्मा त्यांच्या कपाळावरच होता.

शिवाय हे धातू धातुपाठात साध्या नावाने हजर होत नाहीत. कृ येतो तो डुकृञ् म्हणून. पच् म्हणजे शिजवणे, तो डुपचष्. भी म्हणजे भिणे, तो ञिभी. ही पुढची-मागची अक्षरं म्हणजे वैयाकरणांच्या आपसांतल्या खुणा. प्रत्यक्ष शब्द होताना त्या गळून पडतात. पण पाठ करताना त्या म्हणाव्या लागतात, आणि पाठांतर पहाटेच करावं असा गुरुजींचा दंडक. गॅलरीत उभा राहून मी "डुकृञ् करणे, डुकृञ् करणे" घोकत असताना खालून वॉचमन धावत आला. "कुठाय साहेब? पार्किंगमध्ये शिरलंय का?" काशीत एक म्हातारा हेच 'डुकृञ् करणे' घोकताना पाहून शंकराचार्यांना त्याची कीव आली होती, अशी आख्यायिका आहे. आमच्या सोसायटीत कीव करायला कोणी आलं नाही. काठी घेऊन मात्र दोघं आले.

घरात तर या विकाराला मोकळं रान. एका सकाळी बायकोला परस्मैपद आणि आत्मनेपद समजावत होतो. क्रियेचं फळ दुसऱ्याला मिळणार असेल तर परस्मैपद, स्वतःला मिळणार असेल तर आत्मनेपद, असा त्यामागचा मूळ विचार. पच् दोन्ही पदांत चालतो.

"दुसऱ्यासाठी शिजवलं तर पचति. स्वतःसाठी शिजवलं तर पचते. आलं लक्षात?"

"आलं. आणि दुसऱ्याने शिजवलेलं खात खात व्याकरण सांगणारा?"

"तो... खादति."

"हे कुठलं पद?"

"परस्मैपद."

"कमाल आहे! खायचं स्वतः आणि पद परस्मै?"

यावर पाणिनीकडे उत्तर असेल, माझ्याकडे नव्हतं. तोंडात पोहे होते. विषय बदलावा म्हणून मी तिला सांगितलं की आपलं 'शिजणे' हे क्रियापद सिध् धातूपासून, 'सिध्यति'पासून आलंय. म्हणजे सिद्धी, सिद्धान्त, सिद्धपुरुष आणि कुकरमधली तूरडाळ ही सख्खी भावंडं. संस्कृतात तयार स्वयंपाकाला सिद्धान्न म्हणतातच. तिला हे आवडलं, असं मला त्या क्षणी वाटलं. दुपारी जेवायला बसलो तर पानात कच्चट वरण. "सिद्ध नाही झालं वाटतं," मी म्हणालो. "साधना कमी पडली," ती म्हणाली, "गॅस संपलाय. नंबर लावायला सकाळीच सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही पचति-पचते करत होतात."

बाहेरचे प्रकार याहून बिकट. धातूला उपसर्ग लागला की तो अर्थाला बळजबरीने भलतीकडे ओढून नेतो, असं जुने वैयाकरण सांगतात आणि उदाहरण देतात ते हृ धातूचं. हृ म्हणजे नेणे, हरण करणे. त्याचा प्रहार होतो, आहार होतो, संहार होतो, विहार होतो, परिहार होतो. दिवाळीचा फराळही त्यातलाच, कारण तो मूळचा फलाहार. चकली आणि संहार यांचा धातू एक आहे, हे ज्याने पहिल्या दिवाळीला बायकोची चकली चावली त्याला सांगायला नको.

तर गुरुजींना घेऊन मी न्याहारीला गेलो. हॉटेलच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'उपहारगृह'. गुरुजी फुटपाथवरच थबकले. हवं होतं 'उपाहारगृह': उप अधिक आहार, म्हणजे थोडंसं खाणं. काना गेला की उरतो 'उपहार', आणि उपहार म्हणजे भेट, नजराणा. मराठी मुलखात रेल्वे स्टेशनापासून एस.टी. स्टँडपर्यंत हा काना अनेक पाट्यांवरून गायब आहे. आम्ही आत बसलो, मिसळ खाल्ली, ताक घेतलं आणि गुरुजी गल्ल्यावर जाऊन शांतपणे म्हणाले, "आभारी आहे."

"एकशेऐंशी झाले," मालक म्हणाला.

"कशाचे?"

"मिसळीचे."

"पण बाहेर उपहारगृह लिहिलंय. उपहाराचे पैसे घेत नसतात."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी काना, मात्रा, हृ धातू आणि आ हा उपसर्ग यांची सुसंगत मांडणी केली. मागे रांग लागली. रांगेतल्या एकाला आमचं म्हणणं पटलं आणि त्यानेही पैसे द्यायला नकार दिला. तेव्हा मालक गल्ल्यामागून उठून बाहेर आला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, काना उद्याच लावतो. पैसे मात्र आज द्या. नाहीतर आमच्या पोराला प्रहार, परिहार काही म्हणजे काही कळत नाही." पैसे मीच दिले. पाटी अजून तशीच आहे.

स्था धातूने मला सोसायटीत बदनाम केलं. स्था म्हणजे उभे राहणे. यातून स्थान, संस्था, अवस्था, व्यवस्था, निष्ठा, प्रतिष्ठा आणि आमचं ठाणे. शिलाहारांच्या लेखांत ठाण्याला श्रीस्थानक म्हटलंय. देशातली पहिली प्रवासी आगगाडी १८५३ साली मुंबईहून निघाली ती ठाण्यालाच थांबली, आणि सकाळी ठाण्याला लोकलमध्ये जो चढतो त्याला स्था धातूचा अर्थ व्हीटीपर्यंत पायांत जाणवत राहतो. इथपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. पण आमची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. या नावातच सह अधिक कृ, मग ग्रह्, मग निर् अधिक मा, मग सम् अधिक स्था, असे चार-चार धातू आहेत आणि लिफ्ट एकच आहे, तीही स्था.

वार्षिक सभेला गणसंख्या भरली नाही. ती कधीच भरत नाही. अशा वेळी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी त्याच सात माणसांत पुन्हा घेतात, आणि मग ती कायदेशीर होते. सचिवांना 'तहकूब' हा शब्द फारसी वळणाचा वाटला म्हणून त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'सभा स्थगित'. माझ्या जिभेला खाज सुटली.

"एक खुलासा," मी उठून म्हणालो. "हा शब्द स्थामधला नाही बरं का. तो स्थग् धातूचा. स्थग् म्हणजे झाकणे. त्याच धातूतून संस्कृतात 'स्थग' म्हणजे लबाड, आणि त्यावरून आपला 'ठग'. तेव्हा स्थगित आणि ठग हे एकाच घरातले."

दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे कधीच बोलत नाहीत, ते म्हणाले, "गेल्या वर्षीचा दुरुस्ती निधीही स्थगितच आहे." सभा हसली. सचिवांचा चेहरा उतरला. कोणीतरी हिशेबाची वही मागितली. कोणीतरी टाकीच्या पाण्याचं काढलं. मी मदत म्हणून सांगितलं की पाणी म्हणजे मूळचं पानीय: पा म्हणजे पिणे, आणि त्याला 'अनीय' हा प्रत्यय. जे पिण्यास योग्य ते पानीय. आता टाकीतल्या द्रवाला व्याकरणदृष्ट्या पाणी म्हणता येईल का, हा प्रश्न आपोआपच उभा राहिला. तो शांत करावा म्हणून माननीय अध्यक्ष बोलायला उठले, तर पुतणीच्या वयाचा एक मुलगा म्हणाला, "काका, माननीयमध्येपण तोच प्रत्यय ना?" मी कशाला खोटं बोलू? तोच आहे. मानण्यास योग्य. खरोखर मानलं जाईलच अशी हमी तो प्रत्यय देत नाही. तेव्हापासून सभेच्या सूचना माझ्या दारात लागत नाहीत. इतिवृत्तात मात्र मी 'एक सभासद' म्हणून हजर आहे.

खरं तर हा विकार माझ्यापासून सुरू झालेला नाही. यास्काचं निरुक्त उघडून बघा. शाकटायन म्हणतो, सगळी नामं धातूंपासूनच आलेली आहेत. गार्ग्य म्हणतो, सगळी नाहीत. गार्ग्याचा युक्तिवाद मोठा मासलेवाईक आहे: रस्ता व्यापतो म्हणून घोड्याला अश्व म्हणत असाल, तर रस्ता व्यापणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणा की. आमची ही गार्ग्याच्या पक्षाची. यास्क मात्र धातूंच्या बाजूचा. त्याचा सल्ला असा की अर्थ बघा, नाही जुळला तर एखादं अक्षर सारखं दिसतंय का तेवढं बघा, पण व्युत्पत्ती सांगायची ती सांगाच. हात हलवत परत येऊ नका. हिंस् धातूतली अक्षरं उलटीपालटी करून 'सिंह' सिद्ध करणारी माणसं आपल्याकडे झाली. 'पश्यक' उलटा वाचून त्याचा 'कश्यप' केला. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये असं म्हणणाऱ्या समाजाने शब्दाचं कूळ विचारायचं सोडलेलं नाही, आणि एखाद्याचं सापडलंच नाही तर त्याला काश्यप गोत्र लावायची सोय ठेवली आहे. शब्द खानदानी निघाला पाहिजे. आपला चुलतभाऊ कलेक्टर आहे हे सांगताना माणसाची मान जशी ताठ होते, तशी 'नो' या इंग्रजी शब्दातला मुका के हा आपल्या ज्ञा धातूचा भाऊ निघाला की होते. हे नातं खरंही आहे. पण नातं खरं म्हणून कोणी पाहुणचार करत नाही.

गुरुजी यास्काच्याही पुढे गेलेत. टॅक्सीवाल्याने मीटरपेक्षा जास्त मागितले तेव्हा ते म्हणाले, "टॅक्सी! तक्ष् धातू. तक्ष् म्हणजे तासणे. खिसा तासते ती टॅक्सी." तासणे तक्ष्‌पासून आलंय हे बरोबर, टॅक्सीचं मात्र काहीही. सरकार या शब्दावरही त्यांची मल्लिनाथी तयार आहे: "फाइल या टेबलावरून त्या टेबलावर सरकवतं ते सरकार." शब्द फारसीतून आलाय असं मी म्हटलं. ते म्हणाले, "शब्द असेल. फाइल इथलीच ना?"

मला स्वतःला मोठ्या घराण्यांपेक्षा आपल्या मराठीतली झिजलेली माणसं जास्त आवडतात. 'म्हणणे' हा बिचारा भण् धातूचा. 'बसणे' उपविश्‌चं, उपविश् म्हणता म्हणता लोक इतके दमले की बसलेच. सगळ्यात मजा 'जाणे'ची. 'जातो' हे 'या' धातूपासून आणि 'गेला' हे गम्‌पासून. मराठी माणूस निघतो एका धातूने आणि पोचतो दुसऱ्याच, तरी त्याला घरून निघताना 'येतो'च म्हणावं लागतं. हे मी एका लग्नात, मुलगी सासरी निघताना, वधुपित्याला सांगत होतो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "जेवलात ना? मग या आता."

सध्या मी कृ धातूचे शब्द जमवतोय. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर एकेक शब्द: संस्कार, विकार, अधिकार, तिरस्कार, पुरस्कार, चमत्कार. 'कार्यकर्ता' या शब्दात कृ दोनदा आलाय, म्हणून त्याला दोन पत्रिका दिल्या. कपाटाचा एक कप्पा भरला आणि साड्या खुर्चीवर आल्या.

"हे संपणार कधी?" बायकोने विचारलं.

मी तिला डेक्कन कॉलेजचं उदाहरण दिलं. डॉ. एस. एम. कत्रे यांनी तिथे १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले, लाखोंनी चिठ्ठ्या लिहिल्या. पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यावर किती तरी खंड निघाले, आणि गाडी अजून 'अ'मध्येच आहे. मला त्या मंडळींबद्दल अपार आदर आहे. जगात इतक्या सावकाश आणि इतकं चोख काम चालतंय या विचाराने मला झोप फार छान लागते.

"त्यांना संस्था आहे," बायको म्हणाली, "तुमच्या चिठ्ठ्यांना माझं कपाट आहे." आणि पिशवी हातात देऊन तिने मला कोथिंबीर आणायला पिटाळलं.

आता कोथिंबीर म्हणजे कुस्तुम्बुरु. कु आणि तुम्बुरु यांच्या मध्ये हा 'स' कुठून आला, एवढ्यासाठी पाणिनीने अष्टाध्यायीत वेगळं सूत्र केलेलं आहे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला मुलगा झाल्याइतका आनंद होतो म्हणतात. त्या काटकसरी माणसाने कोथिंबिरीसाठी आख्खं सूत्र खर्ची घातलं, ही गोष्ट साधी नाही. मंडईतल्या मावशींना हे कळायला हवं असं मला वाटलं.

"मावशी, या जुडीसाठी पाणिनीने सूत्र केलंय."

"कुणी?"

"पाणिनीने."

"कुठल्या गाळ्यावर बसतात?"

"गेले ते. अडीच हजार वर्षं झाली."

"मग सकाळच्या पारी गेलेल्या माणसाचं कशाला काढता? जुडी तीस रुपये."

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला वैद्याकडेही नेऊ नका. पाटीखालून नेताना हात धरा, सभेत त्याच्या शेजारी बसा आणि बाजारात पाठवताना सुटे पैसे मोजून द्या. सूत्र सांगून कोथिंबीर फुकट मिळत नाही. त्यासाठी पाव किलो मिरच्या घ्याव्या लागतात.